तीन नंबरच्या तळ्याचा घास

द्रौपदीबाई गजभियेंना सरकारनं नोकरी दिली ती नेमकी नवरा जिथं बुडाला त्या तळ्यावर. ह्यात सरकारचा दुष्टावा नव्हता. दुष्टावा करायलाही थोडी कल्पनाशक्ती लागते, ती त्या ऑफिसात कुणाकडे नव्हती. विश्वास गजभिये माशांना खाद्य घालायच्या कामावर होता, कामावर असतानाच गेला, जागा रिकामी झाली, आणि अशा जागेवर विधवेला घ्यावं असा नियम होता. हज़रतगंजच्या ऑफिसातल्या बाबूनं शिक्का मारता मारता मोठ्या अदबीनं सांगितलं, "आप बेफ़िक्र रहिए बहनजी, क्वार्टर भी वही रहेगा, काम भी वही. कुछ नया नहीं सीखना पड़ेगा."

ही १९७३ सालची गोष्ट. केंद्र सरकारच्या मत्स्य विभागाचा फार्म उत्तरेतल्या त्या शहराबाहेर, सरोजिनी नगरच्याही पुढं, कानपूर रोड सोडून आत होता. विमानं इतकी खालून जायची की पाण्यावर त्यांची सावली पडायची आणि मासे बुडी मारायचे. ओळीनं चौकोनी तळी, मधून मातीचे बांध, बांधाच्या टोकाला नोकरांची क्वार्टर्स. विश्वास भंडाऱ्याकडचा, तलावांच्या मुलखातला. नागपूरहून इकडे बदली झाली तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, "पाणी तेच, मासे तेच. बोली तेवढी गोड आहे." द्रौपदीनं हिंदी उचलली ती सब्जीवाल्या भैयाशी घासाघीस करण्यापुरती. मुलगी चंद्रप्रभा मात्र बोलायलाच हिंदीत शिकली.

तीन नंबरच्या तळ्यात बीजाचे मासे असायचे. म्हणजे विकायचे नव्हेत, वर्षानुवर्षं सांभाळायचे. पावसाळ्यात त्यांना सुई टोचून अंडी घ्यायची आणि पिल्लं गावोगावच्या तळ्यांत सोडायची. तळ्याच्या मधोमध बांबू रोवलेले होते, त्यांना दोरीनं टोपल्या टांगलेल्या. डोंगीतून जाऊन टोपल्यांत खाद्याचे गोळे ठेवायचे, ही विश्वासची रोजची सकाळ. आश्विनातल्या एका सकाळी डोंगी कलंडली की त्याचाच तोल गेला, कुणी पाहिलं नाही. पाय टोपलीच्या दोरीत अडकला. रिकामी डोंगी वाऱ्यानं पलीकडच्या बांधाला लागली, म्हणून सगळ्यांना वाटलं गजभिये उतरून अमीनाबादच्या बाजाराकडे गेला असेल, येईल संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी छेदीलाल चौकीदारानं ती दोरी ओढली.

म्हणजे तेवढा सगळा वेळ तो माशांच्या ताटापाशीच होता. ओठ, कानाच्या पाळ्या, बोटांची पेरं कुरतडलेली होती. बायकांनी द्रौपदीला धरून ठेवलं होतं, पण तिनं हिसडा मारला आणि बघितलं. न बघती तर बरं झालं असतं, असं पुढं ती स्वतःच म्हणायची.

बडे साहेब सांत्वनाला आले. "रोहू-कतला तो साग-पात खाने वाली मछलियाँ हैं," ते म्हणाले, "ये सब पानी का असर है." द्रौपदीनं मान हलवली. तिलाही तसंच मानायचं होतं. पण कामावर रुजू झाली त्या पहिल्याच दिवशी कोठारात तिला पोती दाखवण्यात आली. एकात सरसोंची खली, म्हणजे आपली मोहरीची पेंड. दुसऱ्यात भाताचा कोंडा. आणि तिसऱ्यात सुकवलेल्या माशांची भुकटी. बीजाच्या माशांना ताकद लागते, भुकटीशिवाय अंडी धरत नाहीत, असं सांगण्यात आलं. साग-पात खाणाऱ्या माशांना! द्रौपदीनं पोत्याचं तोंड बांधलं, बाहेर गेली आणि भडभडून ओकली.

काम तसं सोपं होतं. पेंड भिजत घालायची, सकाळी त्यात कोंडा आणि भुकटी कालवायची, मळून मुठीएवढे गोळे वळायचे, टोपल्यांत ठेवायचे. तिच्यासाठी टोपल्या काठालगत आणून बांधल्या, एवढी दया फार्मनं केली. गोळा पाण्याखाली गेला की मासे वर यायचे आणि तोंडं उघडून पाण्याचा वरचा थर चोखायचे. चप्, चप्, चप्. तो आवाज तिच्या मागोमाग घरी यायचा. चुलीवर वरण रटरटायला लागलं की तोच. चंद्रप्रभा बशीतून चहा ओढायची, तोच. द्रौपदीनं पोरीची बशी बंद केली, कारण सांगितलं नाही. राखेनं घासून घासून हाताची सालं निघाली तरी भुकटीचा वास जाईना. घास भरवायला गेलं की पोर तोंड फिरवायची, "आई, तुम्हारे हाथ से बू आती है." मग पोर आपल्या हातानं जेवायला शिकली. आईच्या हातचं खायचं तिचं वय त्या भुकटीनं खाल्लं.

तीन नंबरात एक मोठा रोहू होता. पाठीवरची खवल्यांची एक पट्टी उडालेली, त्यामुळे लांबून ओळखू यायचा. तो सगळ्यांच्या मागून यायचा, धक्काबुक्की करायचा नाही, आणि बाकीचे पांगले तरी टोपलीपाशी थोडा रेंगाळायचा. विश्वासही पंगतीत सगळ्यांच्या शेवटी उठायचा. दुःखातल्या माणसाला वेड लागायला एवढं साम्य पुष्कळ झालं. द्रौपदी शाळेत फार गेलेली नव्हती, पण अडाणी मुळीच नव्हती. तिचा बाप छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आला, तेव्हापासून घरात भूत, पिशाच्च, आत्मा, पुनर्जन्म ह्यांना उंबऱ्याच्या आत थारा नव्हता. आपण करतोय तो शुद्ध मूर्खपणा आहे हे तिला पक्कं कळत होतं. तरी एका सकाळी तिच्या तोंडून निघूनच गेलं, "अहो, चंद्रू पहिली आली वर्गात." रोहू थांबलाच होता, तसाच थांबून राहिला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. दुसऱ्या दिवशीही आला. पण दुसऱ्या दिवशीही ती बोलली.

छेदीलाल चौकीदार हा भला माणूस. भल्या माणसांची पंचाईत अशी की ते बोलायचं थांबत नाहीत. एका पितृपक्षात तो बांधावर उकिडवा बसून तिचं खाद्य घालणं बघत होता. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "भौजी, तुम बड़ी भागवान हो. लोग जिंदगी में एक बार गया जाते हैं. तुम तो भैया को रोज पिंडा देती हो."

द्रौपदीच्या हातात गोळा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मुठीत वळलेला, ओला, पाण्यात सोडायचा.

"पिंड नहीं है ये!" ती एवढ्या जोरानं ओरडली की बांधावरचे बगळे उडाले. "हम बौद्ध हैं. हमारे बाप ने सबके सामने कसम खाई है, श्राद्ध नहीं करेंगे, पिंड नहीं देंगे. दाना है ये, समझे? मछली का दाना!"

छेदीलाल बिचारा गांगरला, माफी मागून निघून गेला. पण त्याचे शब्द गेले नाहीत. त्या दिवसापासून गोळा वळायला घेतला की द्रौपदीचे हात थांबायचे. बापानं लाखो लोकांत उभं राहून जे सोडलं, ते आपण रोज सकाळी पगार घेऊन करतोय, आणि करतोय ते ज्याच्यासाठी, त्यालाच खाल्लेल्या तोंडांत घालतोय. विचार करता करता तिचं डोकं फिरायची वेळ आली. शेवटी तिनं आपल्यापुरता मार्ग काढला. गोळे बंद केले आणि खाद्य भाकरीसारखं चपटं थापायला लागली. आणि तीन नंबरच्या वाट्याची भुकटी वगळून टाकली. त्या तळ्यातल्या तोंडांना पुन्हा मांसाची चव लागू द्यायची नाही, हे तिनं मनाशी ठरवलं. वगळलेली भुकटी ती क्वार्टरामागच्या पेरूच्या बुडाशी पुरायची. पेरू असा लगडला की सगळा फार्म खाऊन कंटाळला. द्रौपदीनं एकाला हात लावला नाही.

ह्या दोन्ही गोष्टी कुणाला कळल्या नाहीत. माशांना कळल्या. चपटी भाकरी पाण्यात टिकत नाही. कडेनं विरघळते आणि निम्मी गाळात जाते. उरलेलं खाऊन मासे जगत होते, पण बाळसं धरत नव्हते. पावसाळ्यात सुया टोचून पाहिल्या, अंडी थोडीच निघाली. पुढच्या पावसाळ्यात तीही नाहीत. बडे साहेब बदलून नवे बडे साहेब आले होते. त्यांनी बांधावरूनच तळ्याकडे एक नजर टाकली आणि निकाल दिला, "बूढ़ी हो गईं. निकालो सब, मंडी भेज दो."

द्रौपदीनं ते ऐकलं. मंडीत म्हणजे कुणाच्यातरी पिशवीत, कुणाच्यातरी कढईत, हळद-मीठ लावून कुणाच्यातरी ताटात. त्या रोहूला कुणीतरी काटे काढून खाणार. विश्वासला एकदा माशांनी खाल्लं. आता माणसं खाणार. आणि ही वेळ आणली कुणी? भुकटी पुरणाऱ्या हातांनी. हे ती कुणाला सांगणार होती?

नेमके त्याच दिवसांत, म्हणजे १९८१च्या जानेवारीत, धनंजय साहेब फार्मवर आले. नागपूरचा तरुण माणूस, काडीसारखा, चष्म्याला दोरी बांधून गळ्यात अडकवलेला. त्यांच्यावर एक प्रयोग सोपवलेला होता. माशांची भुकटी महाग, लवकर खराब होणारी. शिवाय मासे वाढवायला मासेच दळून घालायचे, हा व्यवहार कुणालाच पटणारा नव्हता. तिच्या जागी शेतात पिकणारं काही चालतं का, हे पाहायचं होतं. प्रयोगासाठी ज्याची कुणाला पर्वा नाही असं तळं त्यांना हवं होतं. वरच्यांनी तीन नंबर देऊन टाकलं.

पहिल्या दिवशी ते मराठीत बोलले तेव्हा द्रौपदीला आधी कळलंच नाही की हे आपल्याशीच बोलतायत.

"म्हणजे भुकटी नाही घालायची?" तिनं विचारलं.

"अजिबात नाही, द्रौपदीबाई. सोयाबीन. डाळीचाच भाऊबंद. ताकदीला मांसाच्या तोडीचं."

"मांसाचा कणसुद्धा नाही ना, साहेब?"

"कणसुद्धा नाही."

"आणि अंगी लागलं, अंडी धरली, तर तळं राहील? मासे मंडीत नाही जाणार?"

"बीज देणारे मासे कोण विकेल हो?" धनंजय हसले. "पण अंगी लागलं पाहिजे."

एवढ्या आस्थेनं विचारणारी कामगार त्यांनी कुठंच पाहिली नव्हती. बाईला कामाची आवड दिसते, असं त्यांनी घरी बायकोला, मालिनीला, सांगितलंसुद्धा. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या आस्थेचं कारण नेहमी आपल्याच विषयात सापडतं.

दळलेलं सोयाबीन, मोहरीची पेंड आणि कोंडा असं मिश्रण सुरू झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी धनंजय कोठारात आले तर समोर भाकऱ्यांची चळत. "हे काय? गोळे का नाही? ह्या तर पाण्यात विरघळून जातील."

द्रौपदीनं खोटं सांगितलं नाही. छेदीलाल काय म्हणाला तेही सांगितलं आणि बापाची प्रतिज्ञाही. भुकटीचं मात्र गिळलं. धनंजय ह्यावर हसले असते तर ती नोकरी सोडून गेली असती. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरून चकलीचा सोऱ्या घेऊन आले, मालिनीला न विचारता. बारीक छिद्रांच्या चकतीतून खाद्य खाटेवर शेवेसारखं पाडलं, उन्हात कडक वाळवलं, तुकडे केले. तुकडे पाण्यात फुगायचे पण फुटायचे नाहीत. घरी त्या सोऱ्यावरून महाभारत झालं म्हणे. मालिनीबाईंनी तो परत घेतला नाही.

तरीही मासे भरेनात. महिना गेला, दुसरा गेला. खातात तर खरं, मग जातं कुठं? धनंजयनी पंतनगरच्या शेतकी विद्यापीठातल्या कुणा ओळखीच्याला विचारलं, तेव्हा उलगडा झाला. कच्च्या सोयाबीनमध्ये असं काहीतरी असतं की ते पचनच अडवून धरतं. उष्णता लागली की तो दोष जातो. मग पोती सायकल-रिक्षात घालून द्रौपदी आणि छेदीलाल रस्त्याकडेच्या गावात भाडावर, म्हणजे भडभुंज्याच्या भट्टीवर, घेऊन गेले. तिथं भुर्जीण तापल्या वाळूत चणे-लाही भाजायची. तिनं सोयाबीनचा घाणा टाकला आणि असा खमंग वास सुटला की येणारे-जाणारे थबकले. त्या संध्याकाळी चंद्रप्रभानं आईचा हात ओढून नाकाशी नेला. "आई, मूँगफली जैसी ख़ुशबू!" आता ती उंचीला आईच्या खांद्याला लागलेली. त्या रात्री तिनं भाकरीचा एक घास आईच्या हातून मागून खाल्ला, उगीच, चेष्टेनं. द्रौपदीला रडू आवरलं नाही, पोर म्हणाली, "क्या हुआ यार?"

भाजलेल्या सोयाबीननं तळं बदललं. मासे भरले, अंगावर तकाकी आली. त्या पावसाळ्यात अंडी निघाली, पुढच्या पावसाळ्यात हंडेच्या हंडे. तीन नंबर वाचलं. मांसाचा कण तिथं वर्षानुवर्षं पडला नव्हता. द्रौपदीला हवं ते सगळं झालं होतं, आणि आता तिनं निवांत व्हायला काही हरकत नव्हती. पण चप् चप् आवाज थांबला नाही. पट्टी उडालेला रोहू जाडजूड झाला होता, अजूनही सगळ्यांच्या शेवटी यायचा, रेंगाळायचा. ती आता कामाच्या वेळेआधीच बांधावर जाऊन बसायची. चंद्रूला अकरावीला काय घ्यायचं, ते त्याला विचारायची. अंगावर काटा यायचाच. नाही आला त्या दिवशी तिला चुकल्यासारखं वाटायचं.

८३च्या जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, धनंजय म्हणाले, "आता एक मासा कापून पाहायचाय. यकृत कसं आहे, आतडं कसं आहे, हे बघितल्याशिवाय प्रयोग पुरा होत नाही. तळ्यातला सगळ्यांत जुना घेऊ या."

जाळं ओढलं. माणसांनी उचलला तो पट्टी उडालेला रोहूच.

"हा नको, साहेब," द्रौपदी पुढं झाली. "दुसरा घ्या ना कोणताही."

"अहो बाई, जुन्यावर परिणाम दिसला तरच त्याला अर्थ. तुम्हाला बघवत नसेल तर घरी जा थोडा वेळ."

"नाही," ती म्हणाली. "मी बघते." दहा वर्षं तिला हेच बघायचं होतं. बघायची भीती वाटत होती, आणि बघायचंही होतं.

शेडमधल्या टेबलावर थाळीत मासा ठेवला. धनंजयनी शेपटीकडून पोटाला चिरा दिला. केशरी-करड्या अंड्यांची गाभोळी दोन्ही बाजूंनी ओसंडून आली. "वा! मादी आहे. काय भरलीय बघा!" ते खूश होऊन म्हणाले. जिला ती इतकी वर्षं 'अहो' म्हणत आली, ती मादी होती. द्रौपदीनं पदराचं टोक तोंडात धरलं.

धनंजयनी आतडं सोडवायला घेतलं. ते संपेचना. टेबलभर वेटोळी झाली तरी येतच राहिलं. "पाहिलंत किती लांब? मांस खाणाऱ्या माशाचं एवढुसं असतं. हिची घडणच पाल्याचोथ्यासाठी आहे." त्यांनी एका जागी चिरून दाखवलं. आत पिवळसर लगदा होता आणि त्याला अजून भाजल्या सोयाबीनचा मंद वास होता. यकृत लालभडक, निरोगी. दुसरं काही नाही.

"साहेब," द्रौपदी म्हणाली, "ह्याच्या आधीचं काही राहतं का आत? जुनं? पूर्वी कधी खाल्लेलं?"

"छे हो. आज खाल्लं, उद्या-परवा बाहेर."

"आतड्यात नाही. अंगात. मांसात."

"अंगातलं मांसही बदलत जातं. जुनं झिजतं, नवं भरतं." धनंजय नळीत लगदा भरता भरता बोलत होते. "दहा वर्षांपूर्वीचं म्हणाल तर कणभरसुद्धा उरलं नसेल. आता ही सगळी तुमच्या हातच्या सोयाबीनची, बाई."

हे ऐकायला ती दहा वर्षं जीव मुठीत धरून थांबली होती. दारात उभ्या असलेल्या छेदीलालनं सुटकेचा सुस्कारा टाकला, कारण ह्या माशाशी चाललेलं तिचं बोलणं त्यानं बांधावरून कितीदा ऐकलं होतं. द्रौपदी मात्र टेबलाच्या कडेला धरून हळूहळू खाली बसली. तळ्यावरून विश्वासला आणलं तेव्हा ती रडली नव्हती, नुसती बघत राहिली होती. आता तिचं सगळं अंग गदगदून हलायला लागलं.

"काय झालं, द्रौपदीबाई?" धनंजय घाबरले. "अहो, चांगलंच निघालं की सगळं!"

"होय," ती म्हणाली. "मग चंद्रूचे बाबा आता कुठं आहेत, साहेब?"

धनंजयच्या हातात आतड्याचं एक टोक होतं. ते त्यांनी जपून थाळीत ठेवलं आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले.